छेदातली माणसं

नववीतली ती मुलगी व्यासपीठावर आली, हात जोडले, 'अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो' एका दमात म्हणून टाकलं आणि मग मूठ उगारून लोकसंख्येच्या भस्मासुरावर तुटून पडली. लोकलची गर्दी, रेशनची रांग, झोपडपट्टी, बेकारी, प्रदूषण, सगळ्यांचा बाप एकच. वेळ संपल्याची घंटा वाजली तरी तिचा आवाज उतरला नाही. मी परीक्षक होते. पाठांतर चोख, उच्चार स्वच्छ. गुण लिहिले आणि मान वर केली, तर सभागृहात मांडलेल्या दीडशे खुर्च्यांपैकी साठेक भरलेल्या. तालुक्यातल्या चौदा शाळांना पत्रं गेली होती, नऊ आल्या. एका शाळेने कळवलं होतं की आठवी-नववी मिळून आमच्याकडे पाचच मुलं आहेत आणि त्यातली दोन तापाने झोपली आहेत.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. स्पर्धेचा विषय 'वाढती लोकसंख्या : विकासातील अडसर'.

शेवटी अध्यक्षांचं भाषण झालं. निवृत्त, सज्जन, वाचणारे गृहस्थ. त्यांनी मुलांच्या भाषणांचा सारांश तीन वाक्यांत केला. आपल्या दारिद्र्याचं मूळ लोकसंख्येत आहे. चीनने एक मूल धोरण राबवलं म्हणून तो कुठच्या कुठे गेला. आणि आपल्याकडेही तिसरं मूल झालं की रेशनपासून नोकरीपर्यंत सगळं बंद करणारा कायदा हवा. टाळ्या पडल्या, आभार मानून झाले, चहा आणि बटाटेवडा आला. तिथे वाद घालणं बरं दिसलं नसतं. पण ही तीन वाक्यं त्यांची एकट्यांची असती तर मी ती वड्याबरोबर गिळली असती. ती आपल्या निबंधमालांतून, शाळेच्या भिंतींवरच्या घोषवाक्यांतून आणि संध्याकाळच्या कट्ट्यांवरून निदान पन्नास वर्षं फिरत आहेत. पहिलं अर्धं चूक आहे, दुसरं जवळजवळ सगळं चूक आहे आणि तिसरं आपण करून पाहिलेलं आहे.

जिथे भाषण झालं तिथूनच सुरुवात करू. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे १६ लाख ९७ हजार माणसं होती. २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. दहा वर्षांत जवळजवळ पाच टक्के घट. शेजारचा सिंधुदुर्गही दोन टक्क्यांहून अधिक घटला. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी आणि पुणे ३० टक्क्यांनी फुगला. आता अध्यक्षांचं सूत्र लावा. डोकी कमी झाली की सुबत्ता येते, तर रत्नागिरीत सोन्याची कौलं दिसायला हवीत आणि ठाण्यात लोकांनी उपाशी झोपायला हवं. प्रत्यक्षात दरडोई उत्पन्नात मुंबई, ठाणे, पुणे वरच्या रांगेत आणि कोकणातल्या घराला कुलूप. ते कुलूप गणपतीत आठ दिवस आणि शिमग्यात पाच दिवस निघतं. बाकी वर्षभर पडवीत म्हातारी आणि अंगणात कोंबड्या.

यावर कोणी म्हणेल की हे स्थलांतर झालं, जन्मदर नव्हे. बरोबर. माणसं कामामागे जातात, काम माणसामागे येत नाही, हेच मला म्हणायचं आहे. जमिनीवरची डोकी जन्म थांबून कमी होवोत की चाकरमानी एस.टी.त बसून कमी होवोत, उरलेल्यांच्या वाट्याला तेवढी जास्त जमीन, तेवढं जास्त पाणी यायला हवं होतं. आलंही. जमीन पडीक राहिली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कर्ते पुरुष बाहेर गेल्याची ती सरकारी नोंद. आज आंब्याच्या बागेत राखणीला, फवारणीला नेपाळी माणूस असतो. मिरकरवाडा बंदरावर पहाटे जा, ट्रॉलरवर जाळी ओढणाऱ्या खलाशांत नेपाळी किती ते बघा. 'माणसं फार झाली' म्हणून ओरडणाऱ्या देशातला एक जिल्हा मजूर आणतो नेपाळातून, आणि त्याच जिल्ह्यातली मुलगी मूठ उगारून भस्मासुराचं भाषण करते. तिची काही चूक नाही. भाषण तिला लिहून दिलेलं होतं.

मुळात ही समजूत येते एका भागाकारातून. वर अंशात देशाचं उत्पन्न, खाली छेदात माणसं, उत्तर दरडोई उत्पन्न. छेद लहान केला की उत्तर मोठं होतं, हे पाचवीच्या मुलालाही कळतं. अर्थशास्त्रात या भागाकाराची एक जुनी थट्टा आहे. गोठ्यात वासरू जन्मलं तर दरडोई उत्पन्न वाढतं, कारण वासरू मालमत्तेत मोजलं जातं. माजघरात मूल जन्मलं तर ते घटतं, कारण मूल छेदात जातं. गणित अचूक आणि निष्कर्ष वेडगळ. घोटाळा असा की तेच मूल वीस वर्षांनी अंशात जाऊन बसतं, किंवा बसायला हवं. ते तिथे पोचतं की नाही हे ठरतं शाळेवर, दवाखान्यावर आणि कामावर. भागाकार करणाऱ्याला वरचा मजला दिसत नाही, तो खालीच कात्री घेऊन बसलेला असतो.

अध्यक्षांचं पहिलं वाक्य अर्धं चूक म्हणते, म्हणजे अर्धं बरोबरही आहे. तेवढं मान्य करायला हवं. १९५८ मध्ये कोल आणि हूवर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी भारताच्याच आकड्यांवरून मांडलं होतं की, जिथे मुलं फार तिथे घरातली आणि सरकारातली बचत खाण्यापिण्यात, शाळा-दवाखान्यांत जाते आणि कारखान्याला, कालव्याला पैसा उरत नाही. या मांडणीत तथ्य आहे. सहा मुलांच्या घरात थोरल्या मुलीची शाळा सुटते, हे आपल्या आजीच्या पिढीने पाहिलेलं आहे. पुढे पूर्व आशियाच्या भरभराटीचा हिशेब मांडताना ब्लूम आणि विल्यमसन यांनी दाखवलं की, जन्मदर घटल्यावर काही दशकं कमावते हात जास्त आणि खाणारी तोंडं कमी अशी जी स्थिती येते, तिचा त्या वाढीत मोठा वाटा होता, एक तृतीयांशापर्यंत. पण उरलेले दोन तृतीयांश? जमीन सुधारणा, सक्तीचं शिक्षण, निर्यातीचे कारखाने. ते वगळून आपण फक्त कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण उचलला.

आपल्याच देशाचा पुरावा पाहा, तो याहून बोलका आहे. स्वातंत्र्यानंतरची तीस वर्षं अर्थव्यवस्था वर्षाला साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढत होती. राज कृष्ण यांनी त्याला 'हिंदू विकासदर' असं बोचरं नाव दिलं. लोकसंख्या दोन टक्क्यांहून थोड्या अधिक वेगाने वाढत होती, त्यामुळे माणशी वाढ उरत होती जेमतेम सव्वा टक्का. झालं, बोट लोकसंख्येकडे गेलं. आता पुढचं दशक घ्या. १९७१ ते ८१ मध्ये लोकसंख्या २४.६६ टक्के वाढली होती. १९८१ ते ९१ मध्ये २३.८७ टक्के. फरक एका टक्क्याचाही नाही, तोही सबंध दशकात. आणि अर्थव्यवस्था? ती साडेतीनावरून साडेपाच टक्क्यांच्या आसपास गेली. माणशी वाढ अडीच पट झाली. पाळणे तेवढेच हलत होते, देशात तोंडं तेवढ्याच वेगाने वाढत होती, आणि तरी घोडं पुढे गेलं. कारण काय, यावर अर्थतज्ज्ञ भांडतात. कोणी परवाना-राज सैल झाल्याचं सांगतं, कोणी हरितक्रांतीचं, कोणी सरकारने उसनवारी करून केलेल्या खर्चाचं. 'लोकसंख्या आवरली म्हणून' असं मात्र कोणी म्हणू शकत नाही, कारण ती आवरली नव्हतीच. जन्मदर खरा उतरल्याचा फायदा नंतर मिळाला, नव्वदीनंतर आणि दोन हजारनंतर. तोही मिळाला तो चाललेल्या गाडीला.

धान्याचंही तसंच. १९६८ मध्ये पॉल अर्लिक या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचं लोकसंख्येच्या बाँबवरचं पुस्तक आलं. त्याची सुरुवात दिल्लीतल्या एका उकाड्याच्या रात्रीने होते. टॅक्सीतून दिसणारी गर्दी पाहून साहेब घाबरले आणि सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरतील असं त्यांनी भाकीत केलं. त्या वेळी पॅरिसची वस्ती दिल्लीहून मोठी होती, पण पॅरिसच्या गर्दीची कोणाला भीती वाटल्याचं ऐकिवात नाही. १९५०-५१ मध्ये आपण सुमारे ५ कोटी टन धान्य पिकवत होतो. २०२३-२४ मध्ये ३३ कोटी टन. माणसं जवळजवळ चौपट झाली आणि धान्य साडेसहापट. आज कुणाच्या ताटात कमी पडत असेल तर त्याचा हिशेब गोदामाच्या आणि मजुरीच्या दारात मागा.

आता चीन. हा दाखला इतक्या वेळा दिला जातो की तो तपासावा असं कोणाला वाटतच नाही. १९७० च्या सुमारास चिनी बाईला सरासरी साडेपाचाहून अधिक मुलं होत होती. १९७९ पर्यंत हा आकडा तीनाच्या खाली आला होता. एक मूल धोरण आलं त्यानंतर, १९८० च्या तोंडावर. म्हणजे मोठी उतरण धोरणाच्या आधीच उतरून झाली होती. ती उतरली खेडोपाडी पोचलेल्या दवाखान्यांमुळे, मुलींच्या शाळेमुळे, उशिराच्या लग्नांमुळे आणि हो, त्या काळच्या सरकारी दट्ट्यामुळेही. आणि चीनची संपत्ती वाढली ती १९७८ च्या डिसेंबरात शेतीपासून सुरू झालेल्या सुधारणांमुळे. ज्या माणसांच्या संख्येला तिथले राज्यकर्ते घाबरत होते, तीच माणसं शेंझेनच्या कारखान्यांत कामाला लागली. लोकसंख्या जास्त नसती तर तो चमत्कार कोणाच्या हातांनी घडला असता?

बरं, धोरणाचं पुढे काय झालं, तेही अध्यक्षांनी सांगायला हवं होतं. २०१६ पासून दोन मुलांना परवानगी. २०२१ मध्ये तीन मुलांना. २०१६ मध्ये चीनमध्ये पावणेदोन कोटींहून अधिक बाळं जन्मली होती. २०२३ मध्ये ९० लाख. सात वर्षांत निम्मी. २०२२ पासून एकूण लोकसंख्याच उतरू लागली. दक्षिण कोरियाने तर पैसे वाटून पाहिले आणि २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ वर आला, म्हणजे दोन माणसांमागे एक मूलही नाही. सरकारला पाळणा थांबवता येतो, पुन्हा हलवता येत नाही, हे बीजिंगला आता उमगलं आहे.

राहिला कायदा. अध्यक्षांच्या पिढीने तो पाहिलेला आहे, म्हणून मला जास्त नवल वाटलं. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. देशात असं पाऊल उचलणारे आपण पहिले. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही आणि पुढे आणीबाणीच गेली, म्हणून बचावलो. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या, अनेक धरपकडीने. ७७ च्या निवडणुकीत लोकांनी उत्तर दिलं. आणि तेव्हापासून पुरुषांच्या नसबंदीचा आग्रह धरायला सरकारं कचरत आली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा हिशेब असा आहे: शस्त्रक्रिया केलेल्या बायका सुमारे ३८ टक्के, शस्त्रक्रिया केलेले पुरुष ०.३ टक्के. सक्ती केली पुरुषांवर, तिची किंमत चुकवताहेत बायका, पन्नास वर्षं.

तरी आपला मोह सुटला नाही. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद लढवता येत नाही. २००५ पासून राज्य सरकारी नोकरीसाठीही तशी अट आली. आमदार-खासदारांना मात्र ही अट लागू नाही. सरपंच बाईने देशाची लोकसंख्या सांभाळायची. निर्मला बुच या माजी सनदी अधिकारी. त्यांनी अशी अट असलेल्या पाच राज्यांत जाऊन अभ्यास केला तेव्हा काय आढळलं? पद टिकवायला बायकोला सोडून देणारे नवरे, दत्तक देऊन टाकलेली मुलं, मुलगीच असल्याचं कळल्यावर पाडलेले गर्भ. महाराष्ट्र त्या पाचांत नव्हता, पण आपली सोनोग्राफीची अंधारी खोली आपल्याला ठाऊक आहे. २००१ मध्ये राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये ८०७. हे सगळं एका पंचायत कायद्याने झालं असं मी म्हणत नाही. पण 'दोनच' म्हणणारं सरकार आणि 'त्यात एक मुलगा हवाच' म्हणणारं घर एकत्र आलं की कात्री कोणावर चालते, हे सांगायला संशोधक लागत नाही. मध्य प्रदेशने, हरयाणाने ही अट केव्हाच काढली, २०२४ मध्ये आंध्रनेही काढली. आपण धरून बसलो आहोत.

आणि धरून बसायचं कारण तरी काय? २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं १.७. केरळात १.८, आणि केरळात असा कायदा नाही. देशाचा आकडा २.०, म्हणजे लोकसंख्या आहे तिथे राखायला लागणाऱ्या २.१ च्याही खाली. एकूण लोकसंख्या अजून काही दशकं वाढत राहील, कारण आई होण्याच्या वयाच्या मुलीच आज मोठ्या संख्येने आहेत. चालती आगगाडी ब्रेक दाबला तरी पुढे जाऊन थांबते. पण ब्रेक दाबून झालेला आहे. तो दाबला बायकांनी. अजिबात शाळा न पाहिलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारा वर्षं किंवा अधिक शिकलेलीला १.८. 'ते लोक' वाढताहेत, अशी कुजबुजही चहाच्या वेळी कानावर आलीच, तेव्हा तेही सांगून टाकते: मुस्लिमांमधला जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, आता २.३६ आहे. हिंदूंचा ३.३ होता, तो १.९४ झाला. उतरण्याचा वेग कोणाचा जास्त, ते वजाबाकी करून पाहा.

गंमत म्हणजे आता वारं उलटं फिरलं आहे. २०२४ च्या अखेरीस चंद्राबाबू नायडूंनी जास्त मुलं होऊ द्या म्हटलं, सरसंघचालकांनी नागपुरात तीन मुलांचं गणित मांडलं. काल जी बाई दोनावर थांबली नाही म्हणून देशद्रोही होती, ती आज दोनावर थांबली म्हणून गुन्हेगार. दोन्ही बाजूंना एकच खोड आहे: डोकी मोजायची, हातांना काम आहे का ते विचारायचं नाही. देशातले ४६ टक्के कामकरी अजून शेतीत आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा पाचवा हिस्साही नाही. २०२४ च्या पोलीस भरतीत महाराष्ट्रात साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. पहाटे चारला हायवेच्या कडेने धावणारी ती पोरं कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसतील. ती छेदात बसून आहेत, कोणी अंशात घ्यायला तयार नाही. अशा वेळी तिसरं मूल जन्माला घाला म्हणणं म्हणजे मांडव भरलेला, आचारी पळालेला, आणि यजमान आणखी पत्रिका वाटतोय. 'ज्याने चोच दिली तो चारा देईल' असं म्हणणाऱ्यांनी एकदा भरतीच्या मैदानावर जाऊन यावं.

र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गमावली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. भागाकार त्यांना आपल्यापेक्षा नक्कीच चांगला येत होता. तरी त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी होतं बाईचं शरीर, तिचं आरोग्य, तिची मर्जी. शंभर वर्षांनी आपण तो विषय तिथून उचलून राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीत डकवला आहे, आणि बाईला कधी थांब तर कधी चालू ठेव असे हुकूम सोडतो आहोत. तिला साधनं द्या, शाळा द्या, पगाराचं काम द्या आणि किती मुलं ते तिचं तिला ठरवू द्या. देशाचं भलं त्यातून आजवर झालेलं आहे. हुकमातून झाल्याचं मला एकही उदाहरण सापडलेलं नाही.

चहाच्या वेळी त्या मुलीला विचारलं, पुढे काय करणार? म्हणाली, बारावीनंतर विरारला मावशीकडे जाणार, नर्सिंग करायचंय. वाडीत घरं किती? चाळीस-बेचाळीस. उघडी? तिने बोटं मोजली. अकरा.

संयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी विषय बदला. 'बारावीनंतर मी गावात का राहत नाही' असा ठेवा, म्हणजे मुलांना पाठांतर करावं लागणार नाही आणि अध्यक्षांनाही नवं ऐकायला मिळेल. पण ठेवायचा तर लवकर ठेवा. त्या एका शाळेत आठवी-नववी मिळून आता पाचच मुलं उरली आहेत.